आधी ऐका, मग बोला



गेल्या शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. शेवटचा तास मोकळा होता. मुलं म्हणाली, "बाई, कानगोष्टी खेळू या." तुम्ही हा खेळ नक्की खेळला असाल. पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, असं करत शेवटच्या मुलानं मोठ्यानं सांगायचं. मी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कानात सांगितलं, "उद्या सकाळी सात वाजता गणपती घाटावर दोन झाडू आणि तीन बादल्या घेऊन या."

बत्तीस मुलांच्या कानांतून फिरून निरोप शेवटच्या बाकावर पोचला. शेवटचा मुलगा उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "उद्या घाटावर गणपतीला सात लाडू आहेत आणि बाईंची बदली झाली!"

वर्गात हशा पिकला. दोघीतिघींची तोंडं मात्र रडवेली झाली. माझी बदली झालेली नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मग आम्ही तोच खेळ दुसऱ्या पद्धतीनं खेळलो. ती पद्धत शेवटी सांगते. त्याआधी ती मी कुठं शिकले ते ऐका, कारण आजची गोष्ट त्याचीच आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजात शिकते. पावसाळा संपल्यावर एका रविवारी ती मला म्हणाली, "बाई, आज आमचं संमेलन आहे. तुम्ही याच." मला वाटलं, कवितांचं वगैरे असेल. पण ती मला घेऊन गेली पसरणी घाटाच्या माथ्यावर, रस्त्यापासून जरा आत एका मोकळ्या जागी. तिथं सात-आठ माणसं होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, एक बँकेतले गृहस्थ, साखर कारखान्यातले एक इलेक्ट्रिशियन, दोन कॉलेजची मुलं. दोन उंच बांबू उभे केले होते आणि त्यांच्यामध्ये एक साधी तार ताणली होती. खाली सतरंजीवर मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी आणि जाडजूड डबा दिसावा असं एक यंत्र. यंत्रातून खरखर येत होती आणि त्या खरखरीतून मधूनच माणसाचा आवाज.

हे सगळे हॅम होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा माणूस. आकाशवाणीचा कार्यक्रम आपण नुसता ऐकतो. हॅम ऐकतो आणि बोलतोही. त्यासाठी त्याला सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवान्याबरोबर त्याला एक खूणनाव मिळतं. आपल्याकडच्या हॅमच्या खूणनावाची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. पुढं एक आकडा आणि मग दोन-तीन अक्षरं. साऱ्या जगात तेच खूणनाव दुसऱ्या कुणाचंही नसतं. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते. त्यांचं खूणनाव होतं 'व्हीयू२आरजी'.

"पण मग घाटावर कशाला चढायचं? घरात बसून नाही का बोलता येत?" मी विचारलं.

आजोबा हसले. "बाई, वाईकडं बघा बरं जरा."

मी खाली पाहिलं. आपली वाई कशी वाडग्याच्या तळाशी बसल्यासारखी आहे! एकीकडे पांडवगड, दुसरीकडे वैराटगड, पश्चिमेला कमळगड आणि पाठीशी पाचगणीचं पठार. हातात धरायच्या छोट्या संचातल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडल्या. तो संच असतो पाच वॅटचा, म्हणजे एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतकी त्याची ताकद. पण तोच संच डोंगरमाथ्यावर नेला की आवाज कितीतरी दूर जातो, कारण वाट मोकळी असते. टेकडीवर उभं राहून हाक मारण्यासारखंच हे.

मोठ्या यंत्राचं मात्र वेगळं आहे. त्याच्या लांब लहरी वर जातात. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर हवेचा एक थर सुरू होतो, त्याला आयनांबर म्हणतात. सूर्याच्या किरणांनी तिथल्या हवेच्या कणांवर विद्युतभार आलेला असतो. या लहरी त्या थरावरून परत खाली वळतात. चेंडू छताला लागून पलीकडच्या खोलीत पडावा, तसा आवाज डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरवर जाऊन पडतो.

आणि ती तार! ती किती लांब हवी, हे तुम्हालाही काढता येईल. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागायचं, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तो संच ७ मेगाहर्ट्झवर होता. ३०० भागिले ७ म्हणजे सुमारे ४३. त्याच्या निम्मी तार पुरते, आणि तीही किंचित आखूड. म्हणजे साधारण २० मीटर. मधोमध कापायची, दोन्हीकडे दहा-दहा मीटर. झाला अँटेना! भागाकार कशाला शिकायचा असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

थोड्या वेळानं ठरलेली वेळ झाली आणि 'नेट' सुरू झालं. नेट म्हणजे हवेतली सभा. गावोगावचे हॅम एकाच जागी, म्हणजे एकाच लहरीवर, ठरलेल्या वेळी जमतात. एकजण सूत्रधार असतो. तो आपल्या वर्गातल्यासारखी हजेरी घेतो. एकेकानं आपलं खूणनाव सांगायचं आणि गप्प राहायचं. एकजण बोलत असताना दुसऱ्यानं बटण दाबलं, तर दोघांचाही आवाज बिघडतो आणि कुणालाच काही कळत नाही. म्हणून पाळीपाळीनं बोलायचं. आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं.

हजेरी चालू असताना मध्येच एक अगदी बारीक आवाज आला. खरखरीत जवळजवळ बुडालेला. सूत्रधारानं लगेच सांगितलं, "एक क्षीण आवाज आहे. सगळ्यांनी थांबा."

आणि खरंच सगळे थांबले. घाटावरची आमची मंडळीही बोलायची थांबली. आजोबांनी डोळे मिटून घेतले. आवाज पुन्हा आला. एक अक्षर कळलं. परत विचारलं. दुसरं कळलं. तीन-चार वेळा विचारून शेवटी पूर्ण खूणनाव वहीत उतरलं. काहीच संकट नव्हतं. कुणीतरी लहान बॅटरीवर, कमी ताकदीच्या संचावरून बोलून बघत होतं, एवढंच. पण त्या एका आवाजासाठी सगळे मोठे आवाज गप्प राहिले होते.

मी त्या विद्यार्थिनीला हळूच म्हटलं, "इतकी शांतता माझ्या वर्गात कधी होत नाही गं!"

ती म्हणाली, "बाई, इथं आल्यावर सगळ्यात आधी हेच शिकवतात. आधी ऐका, मग बोला."

मुलांनो, ही नुसती शिस्त नाही. त्यामागं मोठं कारण आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. हजारो माणसं झोपेतच गेली. तेव्हा मोबाइल नव्हते. गावात एखादा टेलिफोन असे, तोही बंद पडला. अशा वेळी हॅम मंडळी आपले संच आणि बॅटऱ्या घेऊन तिकडं धावली. कुठं काय हवं आहे, कोण कुठं आहे, हे निरोप त्यांनी हवेतून पोचवले. ही माणसं काही पोलीस नव्हती, सैनिक नव्हती. कुणी दुकानदार, कुणी नोकरदार. सुट्टीच्या दिवशी बांबूला तार बांधून शिकलेला छंद त्या दिवशी कामाला आला.

दुसरी गोष्ट २००४ सालची. हैदराबादच्या हॅम संस्थेतल्या भारती प्रसाद या बाई डिसेंबर महिन्यात सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या. तिथून हॅम रेडिओ चालवायची परवानगी फार वर्षांनी मिळाली होती. जगभरच्या हॅमना अंदमानाशी बोलायची उत्सुकता असते, म्हणून त्या पोर्ट ब्लेअरहून 'व्हीयू४आरबीआय' या खूणनावानं रोज बोलत होत्या. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हादरली आणि मग त्सुनामीच्या लाटा आल्या. टेलिफोन बंद पडले. भारतीताईंनी गप्पांचं काम तिथंच थांबवलं. त्याच संचावरून मदतीचे निरोप सुरू झाले. अमुक माणूस सुखरूप आहे, तमुक कुटुंबाचा पत्ता लागला, असं त्या मुख्य भूमीवर कळवत राहिल्या. त्यांच्यातल्या काहींनी पुढं कार निकोबार बेटावर जाऊन तिथंही केंद्र मांडलं. आणि जगभरचे जे हॅम आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलायला धडपडत होते, त्यांना आता त्या लहरीवर गप्प राहून वाट मोकळी ठेवायची होती. कधी कधी गप्प बसणं हीच मदत असते!

तुम्ही म्हणाल, "बाई, पण आता तर घरोघरी मोबाइल आहे."

खरं आहे. मलाही तसंच वाटायचं. पण ऑगस्ट २०१९ मधली माझीच गोष्ट सांगते. इथं वाईत गणपती घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. आपली हीच कृष्णा पुढं कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीला जाते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर पाणी गेलं की धोका समजतात. त्या वेळी ते ५७ फुटांच्याही वर गेलं. माझी मावशी सांगलीत गावभागात राहते. तिचा फोन दोन दिवस लागेना. वीज नाही, मग फोनची बॅटरी तरी कुठून चार्ज होणार? मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीज लागतेच.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मावशीच्या शेजाऱ्यांनी नावेतून गेलेल्या एका मुलाला सांगितलं, त्यानं त्याच्या मामांना सांगितलं, मामांनी माझ्या मावसभावाला मिरजेत गाठलं आणि त्यानं आम्हाला. निरोप असा होता : "मावशी दवाखान्यात आहे."

आमच्या पायांखालची जमीन सरकली. माझा मावसभाऊ दिवसभर एकेका दवाखान्यात, एकेका छावणीत चौकशी करत फिरला. मावशी कुठंच नव्हती. कशी असेल? ती शेजाऱ्यांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर सुखरूप बसली होती! शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, "मावशींचं इन्शुलिन संपलंय, दवाखान्यातून आणून द्या." चार तोंडांतून जाताना इन्शुलिन गळून पडलं, दवाखाना तेवढा राहिला. औषध दुसऱ्या दिवशी पोचलं. मावशीला त्रास झाला, पण ती वाचली. चूक कुणाची? कुणाचीच नाही. सगळेच मदत करत होते. फक्त कुणीही निरोप लिहून घेतला नव्हता आणि कुणीही तो परत म्हणून दाखवला नव्हता.

म्हणून घाटावर आजोबांनी मला निरोप लिहायची पद्धत दाखवली, तेव्हा मी ती लगेच वहीत उतरवली. आधी निरोपाचा क्रमांक. मग कुणाकडून, कुणाला, किती वाजता. मग मजकूर, अगदी थोडक्यात. आणि शेवटी मजकुरात किती शब्द आहेत तो आकडा. मावशीचा निरोप असा झाला असता :

"मावशी सुखरूप. गावभाग, शेजारच्यांचा दुसरा मजला. इन्शुलिन संपलं. दोन दिवसांचं हवं. शब्द ११."

मोजून बघा, अकराच आहेत. ऐकणाऱ्याकडे दहाच भरले, तर त्याला लगेच कळतं की एक शब्द वाटेत सांडला. मग तो पुन्हा विचारतो. किती साधी युक्ती, नाही?

अक्षरांचीही अशीच युक्ती आहे. खरखरीत 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात. म्हणून हॅम 'बी' न म्हणता 'ब्राव्हो' म्हणतात आणि 'डी' न म्हणता 'डेल्टा'. साऱ्या जगात हेच शब्द चालतात. आपल्या घरातही फोनवर नाव सांगताना आजोबा "क कमळातला, ग गणपतीतला" म्हणतात ना, तसंच हे.

संमेलनात फक्त संकटांच्या गोष्टी नव्हत्या बरं का! दुपारी डबे सुटल्यावर 'फॉक्स हंट' झाली. म्हणजे कोल्ह्याची शिकार. घाबरू नका, यात कुणी कोल्हा मरत नाही. एकानं छोटासा संच झुडपात लपवून ठेवला. तो मधून मधून 'टूं टूं' करत राहतो. बाकीच्यांनी हातातला अँटेना चहूकडे फिरवत, आवाज कुठून मोठा येतो ते ऐकत त्याला शोधायचं. हा अँटेना त्यांनी घरीच केला होता, प्लॅस्टिकच्या पाइपावर मोजपट्टीच्या पोलादी फितीचे तुकडे बसवून. सगळ्यात पळणारा मुलगा शेवटी पोचला. जी मुलगी दर दहा पावलांवर थांबून ऐकत होती, तिनं कोल्हा आधी शोधला.

आजोबांनी पत्त्यांच्या कॅटासारखी एक पेटी उघडली. तिच्यात पोस्टकार्डाएवढी रंगीत कार्डं होती. त्यांना क्यूएसएल कार्ड म्हणतात. दूरच्या हॅमशी पहिल्यांदा बोलणं झालं की दोघं एकमेकांना कार्ड पाठवतात. त्यावर तारीख, वेळ, लहर आणि आवाज कसा ऐकू आला ते लिहिलेलं असतं. कार्डाच्या शेवटी बहुतेकांनी ७३ हा आकडा लिहिला होता. ७३ म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा.

आणि किती दूर जातो हा आवाज? पार अंतराळात! ५ मे २००५ रोजी आपल्या इस्रोनं 'हॅमसॅट' नावाचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास हॅम लोकांसाठी सोडला. तो २०१४ पर्यंत काम करत होता. आणि जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, तेव्हा हॅम रेडिओवरूनच ते भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जातं आणि आपल्या आकाशात जेमतेम दहा मिनिटं असतं. तेवढ्यात प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ऐकायची. अशा वेळी एकमेकांच्या बोलण्यात बोलून कसं चालेल?

आता तुम्हाला वाटेल, मलाही हॅम व्हायचंय. जरूर व्हा! बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. थोडं विजेचं आणि रेडिओचं शास्त्र आणि नियम एवढा अभ्यास असतो. आईबाबांनी अर्ज भरण्याआधी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचे चालू नियम पाहून घ्यावेत. आणखी एक गोष्ट आईबाबांसाठी. बाजारात वॉकीटॉकी मिळतात म्हणून हॅमच्या लहरींवर बोलणारा संच परवान्याशिवाय घेऊन देऊ नका. ते कायद्यानं चालत नाही. शिवाय चुकून भलत्या लहरीवर बोललं, तर खऱ्या कामाच्या माणसांना अडथळा होतो. हॅमना व्यापाराचं बोलायला किंवा गाणी लावायलाही बंदी असते.

शाळेत स्काउट-गाइड असेल, तर सरांना नाहीतर बाईंना 'हवेतल्या जांबोरी'बद्दल विचारा. १९५८ पासून जगभरचे स्काउट आणि गाइड ऑक्टोबर महिन्यात हॅमच्या मदतीनं एकमेकांना भेटतात, हवेतून! जवळ एखादा परवानाधारक हॅम असेल, तर त्याच्या शेजारी बसून तुम्हालाही ऐकता येईल.

आता वर्गातला राहिलेला खेळ. दुसऱ्या वेळी आम्ही तोच झाडू-बादल्यांचा निरोप घेतला. पण नियम बदलला. ऐकणाऱ्यानं निरोप कागदावर लिहायचा, शब्द मोजायचे, सांगणाऱ्याला परत म्हणून दाखवायचा आणि त्यानं "बरोबर" म्हटल्यावरच पुढं जायचं. वेळ लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. शेवटच्या मुलानं कागद वाचला. झाडू दोन, बादल्या तीन, वेळ सात. एकही शब्द सांडला नव्हता!

मला आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या वर्गात एक मुलगी अगदी हळू बोलते. एरवी तिचं बोलणं गोंगाटात विरून जातं. तिची पाळी आली तेव्हा शेजारचा मुलगा मागं वळून म्हणाला, "ए, सगळे थांबा. क्षीण आवाज आहे." मी त्यांना घाटावरची गोष्ट सांगितली होती ना! वर्ग गप्प झाला. तिनं निरोप सांगितला. तो बरोबर होता.

या आठवड्यात तुम्ही हे करून पहा. घरातल्या पाचजणांना रांगेत बसवा. वीस शब्दांचा निरोप तयार करा. त्यात एक नाव, एक जागा आणि दोन आकडे हवेतच. एकदा कानगोष्टीसारखा पाठवा, एकदा लिहून, मोजून, परत म्हणून. दोन्ही वेळा काय पोचलं ते मला पत्रानं कळवा. त्याबरोबर आपल्या गावच्या नावांची अक्षरमालाही करून पाठवा. आमच्या वर्गानं सुरुवात केली आहे : क कृष्णेचा, प पाचगणीचा, म मेणवलीचा, व वाईचा. ण साठी मात्र अजून शब्द सापडलेला नाही. तुम्हाला सुचतो का पहा!

तुम्हा सगळ्यांना ७३.

तुमच्या बाई